जरीची झालर

आमच्या गल्लीत सायन्सला गेलेली मी एकटीच होते, आणि त्याचा मला जो तोरा होता तो आज आठवला की कान गरम होतात. ही गल्ली सुरतेतल्या लिंबायतची. समोरासमोर दोन दोन खोल्यांची घरं आणि घरांच्या पाठीला पाठ लावून लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. त्यांची खटखट दिवसरात्र चालायची, पण आम्हाला ती ऐकू यायची ती बंद पडल्यावरच. वीज गेली की सगळ्या गल्लीत एकदम चुकल्यासारखं व्हायचं आणि पाळण्यातली मुलं दचकून रडायला लागायची. आई दारात बसून जरीच्या बॉबिनी भरायची. घरात कुठेही हात लावला तरी बोटाला जरीचा एखादा तुकडा चिकटून यायचा. तो भाकरीच्या पिठात सापडायचा, माझ्या वेणीत सापडायचा, एकदा तर आबांच्या मिशीत सापडला होता आणि माझी धाकटी बहीण मंदा दिवसभर हसत होती. आबा म्हणजे आमचे वडील. ते अमळनेरकडच्या एका खेड्यातून आले, दहा वर्षं लूमवर उभे राहिले आणि मग एका शेठचा टेम्पो चालवायला लागले. लिंबायतचं कोरं कापड पलसाण्याच्या मिलमध्ये रंगायला न्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. समोरच्या घरातले पोपटकाका दुसऱ्या शेठच्या टेम्पोवर होते, पण माल त्याच मिलला न्यायचे. दोघं एकाच गावचे. आबा जितके मुके, तितके पोपटकाका बोलघेवडे.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. अकरावीला सायन्स घ्यायचं तर गुजराती माध्यमाशिवाय इलाज नव्हता. बाजारात भाव करण्याइतकी गुजराती मला यायची, पण फळ्यावर गुजरातीतलं भौतिकशास्त्र सुरू झालं की मी वहीत अक्षरं उतरवून घ्यायची आणि घरी येऊन त्यांच्याकडे बघत बसायची. निम्मं कळायचं नाही. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? संध्याकाळी मी पुस्तक उघडलं की आई बॉबिनीचं चाक थांबवायची आणि मंदाला गप्प करायची. गल्लीतल्या बायका औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या. कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा कळल्यासारखं दाखवणं मला सोपं वाटू लागलं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

पलसाण्याच्या त्या मिलचा एक नियम होता. दुपारी चारच्या आत जे टेम्पो गेटात शिरतील त्यांचा माल लगेच उतरवायचा. चारनंतर येणाऱ्यांनी पाळी बदलेपर्यंत, म्हणजे आठपर्यंत, गेटाबाहेर थांबायचं. लिंबायतला माल भरायलाच उशीर व्हायचा, आणि आबा गाडी हाकायचे सावकाश. लोक त्यांच्या टेम्पोला बैलगाडी म्हणायचे. पाच-दहा मिनिटांनी त्यांचं गेट चुकायचं आणि त्या पाच-दहा मिनिटांपायी चार तास जायचे. ते घरी यायचे तेव्हा आम्ही जेवून झोपलेल्या असायचो. बाप म्हणजे सकाळी दात घासताना दिसणारा माणूस, अशीच मंदाची समजूत होती. पोपटकाकांचं तसं नव्हतं. ते गाडी पळवायचे आणि दिवेलागणीच्या आधी ओट्यावर हजर असायचे.

मग हायवेवर गाड्यांचा वेग मोजणारी स्पीडगन आली. पोपटकाकांनीच ती पहिल्यांदा पाहिली. पुलाच्या सावलीत पोलीस उभा होता, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी होतं, आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या पोलिसाने पुढच्या गाडीला बाजूला घेतलं. त्या रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर सात-आठ ड्रायव्हर जमले आणि ज्याच्या त्याच्या पोतडीतून तोडगे निघू लागले. एक म्हणाला, नंबरपाटीला चिखल फासायचा. दुसऱ्याचं म्हणणं, शंभरच्या वर गाडी नेली की यंत्राला वाचताच येत नाही. त्याचा टेम्पो उतारावरसुद्धा सत्तरच्या वर जात नसे, पण ते कुणी त्याला विचारलं नाही. कोणी वायपर चालू ठेवायला सांगितलं, कोणी ट्रकच्या आडोशाने जायला. उधन्याच्या एका ड्रायव्हरने म्हणे आरशाला सीडी टांगली होती. पोलिसाचा किरण सीडीवर आपटतो आणि त्याच्याच डोळ्यात परत जातो, असा त्याचा हिशेब. सीडीवर बराच वाद झाला. शेवटी पोपटकाका म्हणाले, "आपली उजू सायन्सले शे ना, तिलेच इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी उंबऱ्यात बसून आईला मदत करत होते आणि माझ्या हातात भरलेली बॉबिन होती. लहरींचा धडा आमच्या वर्गात अजून सुरूही झाला नव्हता. मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आठ मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांच्यामागे आबाही उभे होते, चहाचा कप तसाच हातात धरून. मी बॉबिन उन्हात धरली. तिच्यावरून उजेडाचे बारीक ठिपके भिंतभर पसरले. सीडीचा उपयोग नाही, मी म्हणाले, तिचा पृष्ठभाग एकच असतो, किरण सरळ परत जाईल. जरीला हजार धागे असतात, किरण हजार दिशांना फुटेल आणि यंत्राला काहीच मिळणार नाही. परावर्तन हा शब्द मी दोनदा वापरला. तो कुणाला कळला नाही म्हणूनच तो पटला. बोलता बोलता माझा मलाच विश्वास बसला, हे खरं सांगायला हवं.

जरीचा कचरा आमच्याकडे पोत्याने होता. आई आणि समोरच्या काकूंनी, पोपटकाकांच्या बायकोने, एका बैठकीत त्याच्या झालरी विणल्या, लग्नातल्या तोरणासारख्या दाट. रविवार मावळायच्या आत गल्लीतल्या सगळ्या टेम्पोंच्या पुढच्या बंपरला सोनेरी झालरी लागल्या. ही करामत सुरतेच्या माणसांशिवाय कुणाला सुचली नसती आणि परवडलीही नसती. पंधरा दिवसांत दुसऱ्या गल्ल्यांतून माणसं झालर मागायला येऊ लागली. येणारा आईला विचारायचा, "सायन्सवाली पोर हीच का?" आई मान हलवायची आणि चाकाचा वेग उगाच वाढवायची.

आजही माझ्या वर्गातली मुलं मला असलंच काही विचारतात. मी चाळिशी ओलांडली आहे आणि गेली पंधरा-सोळा वर्षं भेस्तानच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तेही गुजरातीतून. आता सुरतेत चौकाचौकात कॅमेरे आहेत आणि दंडाचा मेसेज घरी पोचायच्या आत फोनवर येतो. तरी लोक नंबरपाटीवर हेअरस्प्रे मारतात, पारदर्शक चिकटपट्ट्या लावतात, पाटीच्या एका आकड्यावर झाडाचं पान बरोब्बर चिकटलेलं असतं. आमच्याच स्टाफरूममधले गणिताचे एक सर स्कूटरच्या पाटीवर रुमाल वाळत घालतात. मी हसते, पण त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. असल्या गोष्टी कुठून जन्माला येतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

झालर लागली आणि आबा बदलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडी पळवायला सुरुवात केली. चारच्या आत गेट मिळू लागलं आणि एके दिवशी सव्वासहाला ते दारात उभे राहिले, हातात गरम लोचोची, वाफवलेल्या डाळीच्या त्या सुरती खाऊची, पुडी घेऊन. आई भाकऱ्या थापत होती. "आज लवकर उनात?" एवढंच ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीन वेळ सुरू झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तेल घातलेला ठेचा, कधी शेवभाजी, आणि चौघं एकाच वेळी जेवायला. मंदा आबांच्या ताटातच जेवायला लागली. आबा तिला गावाकडच्या गमती सांगायचे. आबांना एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. आई मधेच जेवण थांबवून त्यांच्याकडे बघत राहायची. हे सगळं माझ्यामुळे झालं आहे, या आनंदात मला दोन घास जास्त जायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात लहरी सुरू झाल्या. तास संपल्यावर मी देसाईसरांना गाठलं आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, स्पीडगनसमोर जरी लावली तर काय होईल. सर आधी हसले. मग फळ्यावर एक गाडी काढून त्यांनी हळूहळू समजावलं, आणि तो पाठ मला पहिल्यांदा पुरता कळला. यंत्र लहरी सोडतं, त्या गाडीवर आपटून परत येतात, आणि परत येताना त्यांच्यात जो फरक पडतो त्यावरून वेग कळतो. धातूची चमकदार वस्तू लहरी परत पाठवायलाच मदत करते. झालर लावणं म्हणजे मी इथे आहे अशी पाटी लावणं. मग सरांनी विचारलं, "तमारा पप्पा टेम्पो चलावे छे?" मी हो म्हटल्यावर त्यांचं हसू गेलं. "एमने कहेजो, धीमे चलावे," ते म्हणाले. त्यांना सांग, सावकाश चालवा.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी घरी आले तेव्हा आबा मंदाला खांद्यावर घेऊन ओट्यावर उभे होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग परवा. असा महिना गेला. माझा मान जाईल ही भीती होतीच, ती मी नाकारत नाही. पण त्याहून मोठी भीती त्या जेवणाची होती. आबांनी झालर काढली तर ते पुन्हा बैलगाडी होणार, पुन्हा गेट चुकणार, आणि आमच्या ताटांसमोरची चौथी जागा पुन्हा रिकामी होणार. न सांगितलं तर काय होऊ शकतं, हे मी मनात येऊ दिलं नाही. दंड होईल फार तर, एवढंच मी स्वतःला सांगत होते.

एका शनिवारी शाळा नव्हती. मिल बघायची आहे असं सांगून मी आबांबरोबर टेम्पोत बसले. मिल मला बघायची नव्हती. घरात सगळ्यांसमोर बोलवत नव्हतं, गाडीत एकटे सापडतील म्हणून गेले. पण माल भरायला नेहमीपेक्षा उशीर झाला आणि आबा घड्याळाकडे बघत निघाले. हायवेला लागल्यावर गाडी अशी थरथरू लागली की मला दोन्ही हातांनी सीट धरावी लागली. पुढे झालर उन्हात लकलकत होती. आबांचा चेहरा मी ओळखला नाही. ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर. मी दोनदा हाक मारली, ती त्यांना इंजिनाच्या आवाजात ऐकू आली नाही. पलसाणा जवळ आलं तेव्हा डाव्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून एक सायकलवाला वर आला. रंगखात्यातला कामगार असावा, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. आबांनी ब्रेक दाबला. टेम्पो घसरत गेला, मागचे कापडाचे ताके धडाधड आमच्या पाठीमागच्या पत्र्यावर आदळले, आणि ते निळे हात माझ्यासमोरून खाली गेले.

माणूस वाचला. टेम्पो त्याच्या सायकलीच्या हातभर अलीकडे थांबला होता आणि तो स्वतःच्या भीतीनेच पडला होता. त्याचा डबा उघडून भात रस्त्यावर सांडला होता. आबा खाली उतरले, त्याला उठवलं, दोन्ही हात जोडले. त्याने सांडलेल्या भाताकडे पाहिलं, आमच्या बंपरच्या झालरीकडे पाहिलं आणि रिकामा डबा हँडलला अडकवून सायकल हातात धरून चालत गेला. तो शिव्या देऊन गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

आबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मला काही माहीत नव्हतं, मी मनाने ठोकून दिलं, जरीने काहीही होत नाही, सरांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं. सांगताना रडू आवरलं नाही. आबा मान खाली घालून ऐकत होते.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "दोनदा धरं माले पोलिसस्नी."

मंग सांगं कसाले नही, असं मी विचारलं असेन. त्यांनी मान वर केली. "आपला घरमा आजलगून कोणले कोणी काही इचारं नही, उजू. तुले इचारं. माले बरं वाटनं."

हे वाक्य मी आयुष्यभर बरोबर वागवत आले आहे. दोनदा पकडले गेले, दंड भरून आले, आणि ओट्यावर बसून चार माणसांत सांगत राहिले की उजूची झालर चालते. मला त्यांचा राग यायला हवा होता. तेव्हा नुसता उमाळा आला आणि मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. राग नंतर आला, आणि तो दोघांचाही आला, त्यांचा आणि माझा. आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळायच्या नादात साऱ्या गल्लीला गाडी पळवायला लावलं होतं. जो तो एवढंच विचारत होता की पोलीस पकडेल का. आपण किती वेगाने चाललो आहोत, हे मला एकानेही विचारलं नाही आणि मीही कुणाला बोलले नाही. त्या दिवशी गेट चुकलं. आम्ही आठ वाजेपर्यंत मिलबाहेर बसलो आणि आबांनी तिथेच झालर सोडून गुंडाळी करून सीटखाली टाकली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबा मला घेऊन घरोघर गेले. बोलायचं मी, आणि त्यांनी नुसतं शेजारी उभं राहायचं. चार-पाच जणांनी झालरी काढल्या, तेही जरा नाइलाजानेच. पोपटकाका मात्र पोट धरून हसले. "मांगे चालस म्हने तू, आते चालत नही म्हनस. तुनं सायन्स महिनामहिनाले बदलस का व?" मी देसाईसरांचं सगळं सांगितलं, गाडी काढून दाखवली, लहरी काढून दाखवल्या. आबांनी स्वतः दोनदा पकडले गेल्याचं चारचौघांत कबूल केलं. त्यावर काका म्हणाले की बैलगाडीवाल्याला झालर बांधतासुद्धा आली नसेल. त्यांना एकदाही पकडलं नव्हतं, आणि या एका गोष्टीपुढे माझं सगळं भौतिकशास्त्र निरुपयोगी होतं. माझ्या थापेला पाच मिनिटं लागली होती. खरं पटवायला मी तीन महिने रोज त्यांच्या ओट्यावर जात होते. काकू चहा द्यायच्या, काका माझी थट्टा करायचे, आणि झालर बंपरवर तशीच राहिली.

आमच्याकडे आबा पुन्हा उशिरा येऊ लागले. मंदा काही दिवस ताटावर रुसून बसली. आईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती मला रागावेल असं वाटलं होतं. तिने उरलेला जरीचा कचरा पोत्यात दाबून भरला, पोत्याचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "उशिरे येवोत, पन घर येवोत." पुढे तो विषय तिने कधी काढला नाही.

होळीला आठवडा उरला असताना पोपटकाकांचा टेम्पो पलसाण्याजवळ उभ्या ट्रकवर मागून आदळला. चारला सात मिनिटं कमी होती, असं मागून येणाऱ्या ड्रायव्हरने सांगितलं. काका वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आबा आणि मी त्यांना बघायला सरकारी दवाखान्यात गेलो. काकू पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. मी आत गेले ती माफी मागायची असं ठरवून. वाक्य पाठ केलं होतं. काका खाटेवर पडून होते, दाढी वाढलेली, चादर एका बाजूला सपाट. त्या सपाट जागेकडे बघायचं नाही म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायचं राहून गेलं. माझं तोंड बघून त्यांना माझीच दया आली असावी. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरला.

"एक सांगू का, उजू," ते म्हणाले. "पोलिसस्नी माले एकदाबी धरं नही. तुनं पहिलंच खरं व्हतं."